पेटंट कसं काढायचं? ठाणे–नवी मुंबईतल्या स्वतंत्र संशोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेट, रबाळे–महापेची एमआयडीसी, तळोजा इथले छोटे कारखानदार आणि घरच्याच एका कोपऱ्यात काहीतरी बनवत बसणारी माणसं जे प्रश्न सतत पाठवतात, त्यांची ही उत्तरं. फीचे आकडे एकट्या व्यक्तीने केलेल्या ऑनलाइन अर्जाचे आहेत, आणि नियम मार्च २०२४ च्या दुरुस्तीनंतरचे.

समजायला सोपं जावं म्हणून बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण घेतलं आहे: पाऊस आला की बाल्कनीबाहेरची कपड्यांची दोरी विजेशिवाय आत ओढून घेणारी यंत्रणा. बाहेर लावलेल्या छोट्या पात्रात पावसाचं पाणी साठतं, वजनाने तरफ खाली जाते, खटका सुटतो आणि स्प्रिंग दोरीची चौकट आत खेचते.

१. माझ्याकडे फक्त कल्पना आहे, मॉडेल बनवलेलं नाही. पेटंट मिळेल का?

मॉडेलची सक्ती नाही. पण "पाऊस आला की कपडे आपोआप आत यावेत" ही नुसती इच्छा झाली, तिला पेटंट मिळत नाही. ते कसं घडेल हे इतक्या तपशिलात लिहावं लागतं की त्या कामातला जाणकार तुमचा अर्ज वाचून, तुम्हाला फोन न करता, ती वस्तू बनवू शकेल. तरीही एक कच्चं मॉडेल करून पाहाच. कागदावर चालणारा खटका प्रत्यक्षात अडकतो, आणि तो सोडवताना जे सुचतं त्यातच बरेचदा खरा शोध असतो.

२. पेटंट मिळायला नेमकं काय लागतं?

तीन गोष्टी. वस्तू किंवा प्रक्रिया नवीन हवी, आणि नवीन म्हणजे जगात कुठेच आधी प्रसिद्ध न झालेली. फक्त भारतात नवीन असून भागत नाही. दुसरं, त्या क्षेत्रातल्या कारागिराला ती सहज सुचेल अशी नसावी. तिसरं, ती उद्योगात बनवता किंवा वापरता यावी.

अर्ज पडतात ते बहुतेक दुसऱ्या अटीवर. भांडी लेथवर धरण्याच्या एका पद्धतीचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली याच मुद्द्यावर रद्द ठरवलं (बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज). वर्कशॉपमध्ये कुणीही केली असती अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे तेव्हापासून पक्कं आहे.

३. कशाला पेटंट मिळतच नाही?

पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ मध्ये यादी आहे. इंधनाशिवाय कायम फिरणारी यंत्रं (अशा चौकश्या अजूनही येतात), शेतीच्या पद्धती, माणसावर वा जनावरावर उपचार करण्याच्या पद्धती, खेळाचे नियम, व्यवसायाच्या युक्त्या, नुसता अल्गोरिदम किंवा संगणक प्रोग्रॅम, आणि माहीत असलेल्या वस्तूंची नुसती जोडणी. अणुऊर्जेच्या शोधांसाठी कलम ४ मध्ये वेगळी तरतूद आहे.

आजीच्या बटव्यातली औषधंही यातच येतात. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने जुने संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. भारतात असा अर्ज पारंपरिक ज्ञान म्हणूनच नाकारला जातो. वनस्पती किंवा इतर जैविक स्रोत वापरून खरोखर नवीन काही केलं असेल, तर पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडचं काम पूर्ण करावं लागतं.

४. मी यूट्यूबवर व्हिडिओ टाकला आहे आणि सोसायटीत दोन घरी यंत्र बसवून दिलं आहे. आता अर्ज करता येईल का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे सांगताना आम्हाला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. अर्जाच्या तारखेआधी कुणीही उघड केलेलं आड येतं, आणि त्या 'कुणी'त तुम्ही स्वतःही आलात. व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे फोटो, कॉलेजच्या फेस्टिव्हलमधला स्टॉल, विकलेला पहिला नग हे सगळं तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतं. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सूट असते. ती ऐकून लोक इथे फसतात, कारण भारतात तशी सरसकट सूट नाही.

अपवाद मोजके आहेत. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध, तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्याने चोरून केलेली प्रसिद्धी, आणि शोधाच्या स्वरूपामुळे लोकांमध्येच घ्यावी लागणारी वाजवी चाचणी. पहिल्या दोनांसाठी आणि चाचणीसाठी बारा महिन्यांची मुदत आहे, आणि पहिल्या दोनांसाठी आता फॉर्म ३१ भरावा लागतो. नेहमीचं औद्योगिक प्रदर्शन अधिसूचित असेल असं गृहीत धरू नका.

व्हिडिओत यंत्र फक्त बाहेरून दिसत असेल आणि आतला खटका कसा सुटतो हे कळतच नसेल, तर त्या भागासाठी आशा असते. व्हिडिओ लगेच काढा, पण त्याची तारीख आणि त्यात काय काय दिसत होतं ते पेटंट एजंटला (अर्ज करून देणारा नोंदणीकृत जाणकार, प्रश्न ११) खरंखरं सांगा. यापुढे क्रम पक्का ठेवा: आधी अर्ज, मग बोलणं.

५. सगळं लिहून नोटरी केलं, किंवा सीलबंद पाकीट स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलं, तर अर्ज केल्यासारखी तारीख मिळते ना?

नाही. भारतात आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क आधी. नोटरीचा कागद "तेव्हा माझ्याकडे हे होतं" एवढंच सांगतो. भागीदाराशी वाद झाला तर त्याचा उपयोग होईल, पेटंट ऑफिसात नाही.

६. आधीच कुणी केलंय का, हे कसं शोधायचं?

गूगल पेटंट्स, युरोपीय पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट, वायपोचं (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) पेटंटस्कोप आणि भारतीय अर्जांसाठी पेटंट ऑफिसचं इनपास. चारही फुकट आहेत. वस्तूचं एकच नाव टाकून थांबू नका. आपल्या उदाहरणात "क्लोथ्सलाइन", "ड्राइंग रॅक", "लाँड्री हँगर" असे निदान पाच-सहा इंग्रजी शब्द, आणि त्यांच्या जोडीला "रेन", "रिट्रॅक्ट" असे क्रियेचे शब्द घ्या. जवळचं एखादं पेटंट सापडलं की त्याचा वर्गीकरण क्रमांक बघा (कपडे धुणं, वाळवणं, इस्त्री यांचा गट डी०६एफ) आणि त्या गटात पुन्हा शोधा. नवशिक्यांचं जे निसटतं ते इथे सापडतं. चिनी आणि जपानी कागदपत्रांची भाषांतरं ओबडधोबड असतात, तिथे आकृत्या बघा.

सापडलेल्या सर्वात जवळच्या तीन-चार कागदांपुढे "यात काय आहे, माझ्यात वेगळं काय" हे एका ओळीत लिहा. ती ओळच पुढे क्लेमचा, म्हणजे हक्क नेमका कशावर हे सांगणाऱ्या वाक्याचा, गाभा होते (प्रश्न ९). अठरा महिन्यांच्या आतले अर्ज अजून प्रसिद्ध झालेले नसतात, म्हणून कितीही शोधलं तरी शंभर टक्के खात्री मिळत नाही.

७. प्रोव्हिजनल करू की थेट कम्प्लीट?

प्रोव्हिजनल म्हणजे तारीख धरून ठेवणारा तात्पुरता अर्ज, कम्प्लीट म्हणजे क्लेमसह पूर्ण अर्ज. यंत्रणेत अजून बदल होणार असतील तर प्रोव्हिजनल. त्याने तारीख पक्की होते आणि बारा महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचं पूर्ण लेखी वर्णन) द्यावं लागतं. नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. "प्रोव्हिजनल पेटंट" नावाची चीज नसते, तो नुसता अर्ज असतो आणि त्याची तपासणीही होत नाही.

चूक होते ती घाईत दीड पान लिहून देण्यात. समजा प्रोव्हिजनलमध्ये तुम्ही चौकट स्प्रिंगने आत येते एवढंच लिहिलंत. आठ महिन्यांनी स्प्रिंगऐवजी वजन लावलेला प्रकार जास्त टिकाऊ निघाला आणि तो कम्प्लीटमध्ये घातलात. तर वजनाच्या प्रकाराला जुनी तारीख मिळत नाही, कम्प्लीटची मिळते. कम्प्लीट देण्याआधी तुम्ही तो कुणाला दाखवला असेल तर तो गेला. म्हणून प्रोव्हिजनलमध्ये क्लेम नसले तरी चालतात, पण सुचलेले सगळे पर्याय आणि आकृत्या घालाच.

८. कोणते फॉर्म, कुठे द्यायचे आणि पैसे किती?

फॉर्म १ (अर्ज), फॉर्म २ (स्पेसिफिकेशन), फॉर्म ३ (परदेशी अर्जांची माहिती, नसतील तर तसं लिहायचं), कम्प्लीटसोबत फॉर्म ५ (संशोधक कोण याचं घोषणापत्र), आणि एजंट नेमला तर फॉर्म २६. अर्जाची फी १,६०० रुपये. त्यात तीस पानं आणि दहा क्लेम बसतात. पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक क्लेमला ३२० रुपये. तपासणीची विनंती (फॉर्म १८) वेगळी, ४,००० रुपये. ही भरल्याशिवाय अर्जाला कुणी हात लावत नाही. मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून एकतीस महिने. "१,६०० भरले, आता पेटंट येईल" म्हणून वाट बघत बसलेल्यांचे अर्ज इथेच संपतात.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे जातात: बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल. ऑनलाइनला क्लास ३ डिजिटल स्वाक्षरी लागते. स्वतः अर्ज करणाऱ्याला कागदावरही देता येतो, फी दहा टक्के जास्त. वाशी–पनवेलकडून हार्बर लोकलने थेट जीटीबी नगर, ठाण्याहून कुर्ल्याला बदलून.

अर्ज मराठीत चालत नाही, हिंदी किंवा इंग्रजीच लागते. तरी पहिला खर्डा मराठीत लिहा. जी भाषा हातात बसली आहे तिच्यात यंत्रणेची वाक्यं नेमकी उतरतात, भाषांतर नंतर करता येतं.

९. क्लेम म्हणजे काय आणि तो कसा लिहायचा?

हक्क मिळतो तो क्लेममध्ये लिहिलेल्या गोष्टीवर. वर्णनात पन्नास पानं लिहिलीत आणि क्लेममध्ये ते आलं नाही, तर ते तुम्ही जगाला फुकट दिलंत. सातबाऱ्यावरच्या चतुःसीमेसारखं हे काम आहे, रेघ कुठे ओढली यावर सगळं अवलंबून.

हमखास दिसणारा क्लेम असा: "पाऊस आल्यावर कपडे आपोआप आत घेणारं स्टीलचं यंत्र, ज्यात ५० मिलिलिटरचा कप आणि १२ इंची स्प्रिंग आहे." यात दोन दोष आहेत. पहिला भाग फक्त परिणाम सांगतो, रचना सांगत नाही, म्हणून तपासनीस तो नाकारेल. दुसरा भाग इतका अरुंद आहे की शेजारच्या गाळ्यातला माणूस ६० मिलिलिटरचा प्लास्टिकचा कप लावून मोकळा. क्लेममधला प्रत्येक घटक समोरच्याच्या वस्तूत असेल तरच उल्लंघन धरतात. म्हणून पहिल्या क्लेममध्ये ज्याच्याशिवाय यंत्रणा चालणारच नाही तेवढंच घ्यायचं:

"भिंतीवर बसणारा पाया, त्यावर सरकणारी, दोरी धरणारी चौकट, चौकटीला आत खेचणारा घटक, चौकटीला बाहेरच्या स्थितीत अडवणारा खटका, आणि पावसाचं पाणी गोळा करणारं पात्र असलेली तरफ, वैशिष्ट्य असं की पात्राच्या तळाशी निचऱ्याचं छिद्र असून, पाणी निचऱ्यापेक्षा जास्त वेगाने साठून ठरावीक वजन झाल्यावरच तरफ खटका सोडवते."

छिद्र पहिल्याच क्लेममध्ये का घेतलं? कारण पाण्याच्या वजनाने खटका सोडवणं जुन्या कागदांत सापडू शकतं. वरच्या मजल्यावरच्या एसीचं थेंबथेंब पाणी पडून दोरी उगाच आत येऊ नये, ही अडचण त्या छिद्राने सुटते, आणि शोध तिथे आहे. मग पुढच्या क्लेममध्ये उतरत्या क्रमाने तपशील: खेचणारा घटक म्हणजे स्प्रिंग; किंवा वजन; छिद्राचा आकार बदलता येणारी चकती. पहिला क्लेम पडला तर माघार घ्यायला या पायऱ्या लागतात.

१०. आकृत्या कुणाकडून काढून घ्यायच्या?

कॅडमधून रेषाचित्रं काढता आली तर तुम्हीच काढा. ए४ कागद, वर आणि डावीकडे ४ सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे ३ सेंटिमीटर समास. प्रत्येक भागाला क्रमांक, आणि तोच क्रमांक वर्णनात सगळीकडे. आकृतीवर स्पष्टीकरणाची वाक्यं लिहायची नाहीत. फोटो नकोत. शीर्षक पंधरा शब्दांत, सारांश दीडशे शब्दांत.

११. एजंट लागतोच का?

कायद्याने नाही. आमचं मत असं की प्रोव्हिजनल स्वतः करता येतं, पण क्लेम आणि आक्षेपांची उत्तरं यासाठी पैसे खर्च करावेत. एजंटचं नाव पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत यादीत आहे का ते बघा, आणि तुमच्या क्षेत्रातले त्याने लिहिलेले दोन प्रसिद्ध अर्ज मागून वाचा. "गॅरंटीने पेटंट" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. काही जण डिझाइनची नोंदणी करून देतात आणि तिलाच पेटंट म्हणतात (फरक प्रश्न १८ मध्ये). डीपीआयआयटी (केंद्राचा उद्योग विभाग) मान्यता असलेल्या स्टार्टअपना सरकारी योजनेत फॅसिलिटेटर, म्हणजे मदतीला जाणकार, मिळतो.

१२. अर्ज केला. आता पुढे काय होतं?

अठरा महिन्यांनी अर्ज पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. लवकर हवा असेल तर फॉर्म ९, २,५०० रुपये. फॉर्म १८ भरलेला असेल तर रांगेप्रमाणे तपासनीसाचा पहिला अहवाल येतो, त्यालाच एफईआर म्हणतात. त्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर द्यायचं; मुदत संपण्याआधी फी भरून तीन महिने वाढवता येतात. समाधान झालं नाही तर हिअरिंग, आणि हिअरिंगनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं. अहवाल ईमेलवर येतो, म्हणून अर्जात रोज उघडता तोच ईमेल द्या. अर्ज प्रसिद्ध झाला की "आंतरराष्ट्रीय नोंदणी फी भरा" अशी खोटी बिलंही येतात. पैसे फक्त अधिकृत पोर्टलवर भरा.

१३. लवकर तपासणी करून घेता येते का?

फॉर्म १८ए, ८,००० रुपये. पण एकट्या पुरुष अर्जदाराला सरसकट मिळत नाही. मान्यताप्राप्त स्टार्टअप, लघु उद्योग, महिला अर्जदार, किंवा सगळे अर्जदार व्यक्ती असून त्यात एक तरी महिला, अशांना मिळते. आंतरराष्ट्रीय अर्जात (प्रश्न १६) जुने कागद शोधण्याचं काम भारतीय पेटंट ऑफिसकडे दिलं असेल तरीही मिळते. केवळ यासाठी पत्नीचं नाव घालण्याआधी प्रश्न १५ वाचा: ती नाममात्र राहत नाही, खरी सहमालक होते.

१४. एफईआरमध्ये "कलम ३(एफ): ज्ञात साधनांची केवळ मांडणी" असं आलं आहे. संपलं का?

नाही, यांत्रिक शोधांवर हा नेहमीचा आक्षेप आहे. "माझी कल्पना फार उपयोगी आहे" हे त्याचं उत्तर नव्हे. भाग एकमेकांवर कसे काम करतात ते दाखवा. पात्र, तरफ, स्प्रिंग सगळे जुने. पण छिद्राचा निचरा आणि पाणी साठण्याचा वेग यांच्या फरकावर खटका सुटतो, आणि हा परिणाम कुठलाही भाग एकटा देत नाही. तपासनीसाने दाखवलेला प्रत्येक जुना कागद घेऊन त्यात काय नाही ते क्रमांकासह लिहा. चाचणीची आकडेवारी असेल तर जोडा. क्लेम अरुंद करता येतो, पण मूळ अर्जात नसलेलं काहीही आता घालता येत नाही.

१५. भागीदार, नोकरी, जॉबवर्कवाला: मालक कोण?

नोकरीत असाल तर नेमणूकपत्र काढून वाचा. भारतीय पेटंट कायद्यात नोकरदाराच्या शोधाबद्दल वेगळं कलम नाही, करारात जे असेल ते. घरी, स्वतःच्या वेळेत केलं तरी "कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित सर्व शोध" असं वाक्य असेल तर लेखी परवानगी घ्या. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं धोरण बघावं.

जॉबवर्कवाल्याने तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट मारून दिला तर तो संशोधक नाही. पण "असा खटका अडकेल, छिद्र ठेवा" हे त्याने सुचवलं आणि तेच क्लेममध्ये आलं, तर त्याचं नाव संशोधक म्हणून हवं आणि हक्क तुमच्याकडे द्यायचा लेखी करारही. म्हणून ड्रॉइंग देण्याआधीच मुद्रांकावर गोपनीयतेचा करार करा, आणि जमेल तिथे भाग वेगवेगळ्या ठिकाणी बनवून घ्या.

सहमालकांचा हिस्सा वेगळं न लिहिल्यास समान असतो. प्रत्येकजण स्वतः वस्तू बनवून विकू शकतो, दुसऱ्याला हिशोब न देता. मात्र लायसन्स द्यायला किंवा हिस्सा विकायला बाकीच्यांची संमती लागते.

१६. जगभराचं पेटंट मिळतं का?

नाही. भारतातल्या तारखेपासून बारा महिन्यांत पीसीटी (अनेक देशांसाठी मिळून एकच आंतरराष्ट्रीय) अर्ज केला तर देश निवडायला तीस-एकतीस महिन्यांपर्यंत वेळ मिळतो. शेवटी प्रत्येक देशात वेगळा अर्ज आणि वेगळा खर्च. सगळे अर्जदार भारतीय व्यक्ती असतील तर पीसीटीच्या आंतरराष्ट्रीय फीत ९० टक्के सवलत आहे. भारतात राहणाऱ्याने भारताआधी बाहेर अर्ज करायचा असेल तर फॉर्म २५ ने परवानगी घ्यावी लागते, किंवा आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. हे मोडलं तर इथला अर्ज जातो आणि कैदेचीही तरतूद आहे.

१७. पेटंट मिळाल्यावर दरवर्षी काय भरायचं?

मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी वर्षाला ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००, अकराव्या ते पंधराव्यासाठी ४,८००, पुढे ८,०००. एकूण ७६,८००. पेटंट उशिरा मिळालं तर मागच्या वर्षांची फी एकदम, नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरावी लागते. हे प्रमाणपत्राच्या आनंदात राहून जातं. फी चुकून पेटंट गेलं तर अठरा महिन्यांत पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो. शिवाय दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा फॉर्म २७ मध्ये शोध वापरात आहे का ते कळवायचं.

१८. पेटंट बसत नसेल तर दुसरं काही?

दिसण्यात नावीन्य असेल तर डिझाइन नोंदणी: दहा वर्षं, वाढवून पंधरा. ती बाह्यरूपाला संरक्षण देते, यंत्रणेला नाही. नावासाठी ट्रेडमार्क, कोडसाठी कॉपीराइट. काही देशांत छोट्या सुधारणांना मिळणारं "युटिलिटी मॉडेल" भारतात नाही.

१९. पेटंट मिळालं म्हणजे वस्तू विकायची परवानगी मिळाली ना?

पेटंट इतरांना रोखतं, तुम्हाला परवाना देत नाही. तुमची यंत्रणा दुसऱ्याच्या चालू पेटंटवर उभी असेल तर त्याचं लायसन्स लागेलच.

२०. अर्ज प्रलंबित असताना कुणी कॉपी केली तर?

दावा पेटंट मिळाल्यानंतरच लावता येतो, पण नुकसानभरपाई प्रसिद्धीच्या तारखेपासून मागता येते. कॉपी दिसली की फॉर्म ९ लगेच भरा आणि बिलासह एक नग विकत घेऊन ठेवा. वस्तूवर "पेटंट पेंडिंग" लिहा. पेटंट नसताना "पेटंटेड" लिहिलं तर दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दावा जिल्हा न्यायालयात लावतात. समोरच्याने पेटंटच रद्द करा म्हटलं की प्रकरण उच्च न्यायालयात जातं.

२१. मोठ्या कंपनीला दाखवायचं आहे, पण ते गोपनीयतेच्या करारावर सही करत नाहीत.

बऱ्याच कंपन्या करत नाहीत, त्यांच्याकडेही त्याच विषयावर काम चालू असू शकतं. म्हणून अर्ज झाल्यावरच भेटा, आणि अर्जात आहे तेवढंच दाखवा. नंतर सुचलेली सुधारणा आधी दाखल करा. व्यवहार ठरला तर विकायचं की लायसन्स द्यायचं, किती मुदतीचं, कुठल्या वस्तूंसाठी आणि किमान रक्कम किती हे लेखी करारात हवं. कंपनीने वस्तू बनवलीच नाही तर हक्क परत येईल हे कलम अडून मागा. करार झाल्यावर फॉर्म १६ ने त्याची नोंद पेटंट ऑफिसात करा.